वन बीएचकेत दहावीचं पोर आणि तान्हं बाळ: घर कसं लावायचं

जळगाव, भुसावळ, धुळे, अमळनेर इकडच्या सोसायट्यांमधला वन बीएचके म्हणजे साधारण ३५० ते ४५० चौरस फूट. एक हॉल, एक आतली खोली, ओट्याचं स्वयंपाकघर आणि पुढे हातभर गॅलरी. त्यात चौदा-पंधरा वर्षांचं पोर आधीपासून आहे आणि आता पाळणा हलणार आहे. अशा वेळी बहुतेक घरांत आधी बाळाची जागा ठरते आणि मोठ्याची गादी-दप्तर उरलेल्या कोपऱ्यात सरकतं. हे उलटं करा. आधी मोठ्याच्या अभ्यासाचा आणि झोपेचा कोपरा पक्का करा, मग बाकीचं घर लावा. तान्ह्या बाळाला पहिले सहा महिने आईशेजारी अडीच बाय चार फूट जागा पुरते आणि ती दिवसातून चारदा हलवली तरी त्याचं काही बिघडत नाही. दहावीच्या पोराचं बिघडतं. घर खरं अडतं ते बाळाच्या सामानाने, वाळत घातलेल्या कपड्यांनी आणि भेटायला येणाऱ्यांनी.

हे सगळं सातव्या महिन्यातच उरकून घ्यावं. नवव्यात फर्निचर हलवायला कोणाच्या अंगात त्राण नसतं.

दाराच्या कोणत्या बाजूला कोण

या घरात रात्री बंद करता येईल असं दार एकच, आतल्या खोलीचं. त्याच्या एका बाजूला बाळ आणि दुसऱ्या बाजूला मोठं, हे ठरवून टाका. आतली खोली आईला, बाळाला आणि रात्री मदतीला उठणाऱ्या माणसाला. मोठ्याचा कोपरा हॉलमध्ये. मग हॉलचा टीव्ही आत न्या किंवा संध्याकाळी सातनंतर लावूच नका. टीव्हीही हॉलमध्ये आणि अभ्यासही हॉलमध्ये, हे जमत नाही. त्यात अभ्यासच हरतो.

कोपरा निवडताना पाहायचं ते एवढंच: तिथे स्वतंत्र प्लग आहे का, बाथरूमला किंवा स्वयंपाकघरात जाणारा माणूस त्याच्या पाठीमागून सारखा जातो का, आणि मुख्य दार उघडल्यावर आलेल्याची नजर थेट वहीवर पडते का. गॅलरीच्या दाराजवळचा कोपरा या तिन्हींत बहुधा पास होतो.

टेबल विकत आणलं तर चार पायांची जागा कायमची जाते. त्यापेक्षा सुताराकडून भिंतीला घडीची फळी लावून घ्या. १९ मिमी प्लायवुड, २४ बाय १८ इंच, जमिनीपासून २८ ते २९ इंच उंचीवर, खाली दोन घडीचे ब्रॅकेट. फळी कोसळते ती एकाच कारणाने: स्क्रू नुसत्या गिलाव्यात बसवलेला असतो. विटेपर्यंत पोचणारा ५० मिमीचा स्क्रू आणि त्याच मापाचं फिशर (स्क्रू पकडायला भिंतीत बसवायचा प्लास्टिकचा प्लग) घाला, आणि भिंत पोकळ ब्लॉकची असेल तर सुताराला तसं आधीच सांगा. फळीच्या वर दीड फुटावर पुस्तकांची एक फळी, खाली कुलपाची पत्र्याची पेटी. ही पेटी फक्त मोठ्याची. बाळाची झबली, औषधं किंवा पाहुण्यांनी दिलेले सेट त्यात एक दिवससुद्धा ठेवायचे नाहीत. या वयात घरातली एक तरी वस्तू आपल्या किल्लीची असावी लागते.

कोपऱ्याला पडदा हवाच, कपडे बदलायला आणि डोकं बाजूला ठेवायला. स्प्रिंगच्या तारेवर लावला तर सहा फुटांच्या पुढे मध्ये झोळ पडतो, म्हणून अॅल्युमिनियमचा पाइप घाला. पडदा उजेड अडवतो, आवाज नाही. त्याच्याकडून तेवढीच अपेक्षा ठेवा. ट्यूबलाइटऐवजी पाच ते सात वॅटचा टेबललॅम्प वहीवर रोखून लावला की दार किलकिलं असलं तरी बाळाच्या डोळ्यांवर काही जात नाही.

रात्र आणि संध्याकाळ

नवजात बाळ दिवसाचे चौदा ते सतरा तास झोपतं, पण दोन-तीन तासांच्या तुकड्यांत, आणि आठ ते बारा वेळा अंगावर पितं. मोठ्याला आठ ते दहा तासांची झोप सलग लागते. शिवाय या वयात झोपेची वेळच पुढे सरकते. रात्री अकरापर्यंत त्याला झोप येत नाही यात त्याचा दोष नाही. म्हणून रात्री साडेनऊ ते अकरा ही त्याची जागण्याची वेळ मानून चाला आणि पहाटे चारला उठवायचा हट्ट सोडा. मध्यरात्री बाळ रडलं म्हणून त्याला उठवायचं नाही, दुधाची बाटली धरायला नाही आणि पाणी आणायलाही नाही. आईच्या उशाशी पाण्याचा तांब्या, चार लंगोट, एक दुपटं आणि छोटा दिवा ठेवला की रात्री स्वयंपाकघराकडे जावं लागत नाही. दाराखालच्या फटीत जुनी सतरंजी गुंडाळून सारली तर आवाज बराच कमी होतो. तरीही ऐकू येत असेल तर मेडिकलमध्ये फोमचे कानातले बोळे मिळतात. हेडफोनवर गाणी लावून झोपण्यापेक्षा ते बरे.

रडण्याचा एक क्रम असतो आणि तो आधी माहीत असला की निम्मी भांडणं होत नाहीत. दुसऱ्या आठवड्यापासून रडणं वाढत जातं, सहाव्या आठवड्याच्या आसपास कळस गाठतं आणि तीन-चार महिन्यांत उतरतं. जोर बहुधा संध्याकाळी सहा ते रात्री दहाच्या दरम्यान. म्हणजे नेमक्या आपल्या पोरांच्या अभ्यासाच्या वेळी. बाळंतपणाच्या तारखेपासून सहा आठवडे मोजून दिनदर्शिकेवर खूण करा. तो काळ सराव परीक्षेत किंवा फेब्रुवारी-मार्चच्या बोर्डाच्या परीक्षेत येत असेल तर संध्याकाळच्या अभ्यासाची सोय घराबाहेर करा: गावातली अभ्यासिका, क्लासची रिकामी खोली, शेजारच्या काकूंचा हॉल. घरात मग पाठांतर आणि गणितं दुपारच्या शांत वेळेत. लसीच्या तारखाही त्याच दिनदर्शिकेवर लिहा. सहा, दहा आणि चौदा आठवड्यांच्या लसीनंतरची रात्र कुरकुरीची जाते. लस पुढे ढकलायची नाही. दुसऱ्या दिवशी पेपर असेल तर मोठ्याला एक रात्र आत्याकडे किंवा मामाकडे झोपायला पाठवायचं.

दिवसा मात्र बाळ झोपलं म्हणून अख्ख्या घराने पावलं चोरत चालू नका. नवजात बाळ भांड्यांच्या, बोलण्याच्या आवाजात झोपतं. घर गप्प ठेवायचा हट्ट धरला की वहीचं पान उलटलं तरी बोलणी मोठ्याला बसतात.

बाळाची झोपण्याची जागा लहान घरात जास्त काळजीने ठरवावी लागते, कारण सगळे जवळजवळ झोपतात. आईच्या शेजारी, पण वेगळ्या घट्ट गादीवर, पाठीवर उताणं. उशी नको, मोहरीची उशीही नको, तोंडाजवळ सैल गोधडी नको. दोघांच्या मध्ये नको. आणि मोठ्या भावंडाच्या अंथरुणात तर मुळीच नको. या वयाची पोरं इतकी गाढ झोपतात की कूस बदलल्याचं त्यांना कळत नाही. साडीची झोळी बाळ जागं असताना, समोर माणूस बसलेला असताना ठीक. तासन् तास झोपवायला नाही. झोळीत हनुवटी छातीला टेकते आणि श्वासाची वाट अडते. झोळीचा दोर पंख्याच्या हुकाला तर कधीच बांधू नका.

पाणी आणि लंगोट

आपल्याकडे नळाला रोज पाणी नाही. कुठे एक दिवसाआड, कुठे तीन-चार दिवसांनी, उन्हाळ्यात त्याहूनही उशिरा. बाळाच्या पाण्याचा हिशेब आधी करून ठेवा. दिवसाला दहा-बारा लंगोट आणि दोन-तीन दुपटी धुवायला दोन बादल्या, अंघोळीला एक, म्हणजे साठेक लिटर. पाणी तीन दिवसांनी येत असेल तर १८० लिटर, जवळजवळ एक २०० लिटरचा ड्रम फक्त बाळापायी. वर उन्हाळ्यात कूलर. म्हणून जास्तीचा एक झाकणाचा ड्रम आधीच आणा. झाकण घट्ट हवं: आता डासांसाठी, आणि बाळ रांगायला लागलं की त्याच्यासाठी. बोटभर खोल पाण्याची बादलीसुद्धा रांगत्या बाळाला धोक्याची असते, त्यामुळे बाथरूमचं दार बाहेरून कडी लावून ठेवायची सवय मोठ्यालाही आतापासून लावा.

लंगोट किती घ्यायचे ते ऋतूवर ठरतं. एप्रिल-मेमध्ये गच्चीवर टाकलेला लंगोट तासाभरात कडक वाळतो, तेव्हा अठरा पुरतात. जुलै-ऑगस्टमध्ये दीड दिवस ओला राहतो, तीस-पस्तीस लागतात. शीचे लंगोट वेगळ्या झाकणाच्या बादलीत, आधी शी काढून मगच भिजत. आठ-दहा तासांपेक्षा जास्त भिजत ठेवले की वास संपूर्ण घरभर. पावसाळ्यात गॅलरीच्या छताला पुलीचा हँगर लावा, कपडे डोक्यावर राहतात आणि खालून माणूस जाऊ शकतो. हॉलमध्ये दोरी बांधू नका. मोठ्याच्या वहीवर थेंब पडतात आणि मित्र घरी आले की त्याची पंचाईत होते. रात्री डायपर लावायला हरकत नाही. वापरलेले डायपर कागदात गुंडाळून कचऱ्यात. संडासात टाकले तर सोसायटीचा चेंबर तुंबतो.

गच्चीच्या तारेवरून चैत्र-वैशाखात वाद होतोच, कारण त्याच दिवसांत बिल्डिंगमधल्या सगळ्यांचे पापड, कुरडया, वाळवणं तिथे असतात. सकाळी नऊच्या आत लंगोट वाळत घालून साडेदहाला काढले तर कोणाच्याच कुरडयांशी गाठ पडत नाही.

उन्हाळा: एक कूलर, दोन खोल्या

मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो तेव्हा आतलं दार बंद ठेवायची वरची योजना मोडते, कारण कूलर एकच असतो. त्याला उपाय आहे. कूलर हॉलच्या खिडकीत लावा, आतल्या खोलीचं दार वीतभर उघडं ठेवा, त्याला खाली अडकण लावा आणि आतल्या खोलीची खिडकी चार ते सहा इंच उघडा. हवा बाहेर पडायला वाट मिळेल तिकडे वाहते; अशा मांडणीत ती हॉलमधून मोठ्याच्या अंगावरून आतल्या खोलीत जाते आणि बाळापर्यंत पोचते तेव्हा झोत राहत नाही. आतली खिडकी बंद ठेवली तर दोन्ही खोल्या चिकट होतात, कूलरच्या गवती ताट्यांचा वास साचतो आणि सगळे म्हणतात कूलर बिघडला. तो बिघडलेला नसतो.

लोखंडी कूलरचा शॉक हा खरा धोका आहे. तीन पिनचा प्लग आणि चालू अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या, आणि पाणी भरायचं ते बटण बंद करून, प्लग काढूनच. हे काम बहुधा मोठ्याच्या वाट्याला येतं, म्हणून ते त्याला स्वतः करून दाखवा, नुसतं सांगू नका. आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी करून घासायची. डेंग्यूचे डास साचलेल्या स्वच्छ पाण्यातच वाढतात.

बाळाला उन्हाळ्यात एक सुती झबलं पुरे, घरात टोपडं नको. हात-पाय गार लागले म्हणून गुंडाळू नका. मानेची मागची बाजू किंवा छाती हाताने पाहा. घाम असेल तर कपडा काढा. सहा महिन्यांपर्यंत वरचं पाणी द्यायचं नाही, आपल्या उन्हाळ्यातही नाही. दूध जास्त वेळा पाजलं की तहान भागते. दिवसाला सहापेक्षा कमी वेळा शू, कोरडं तोंड, खोल गेलेली टाळू किंवा मलूलपणा दिसला तर थांबू नका. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ फॅरनहाइट ताप असेल तर रात्र असली तरी दवाखाना.

बोर्डाची परीक्षा एव्हाना संपलेली असते. मोठ्याला गच्चीवर झोपायला खुशाल जाऊ द्या, सोबत वडील किंवा शेजारची पोरं असली की झालं. कठडा कमी असेल तर मध्यभागी अंथरूण. बाळ-बाळंतिणीला गच्चीवर नेऊ नका. पहाटेचा वारा आणि डास दोन्ही त्रास देतात.

शेगडी, धुरी आणि फोडणी

बाळंतिणीच्या खाटेखाली कोळशाची शेगडी आणि बाळाला ओवा-वावडिंगाची धुरी ही रीत मोठ्या वाड्यांतली, जिथे वर कौलांच्या फटी होत्या. दारं-खिडक्या लावलेल्या दहा बाय दहाच्या फ्लॅटमध्ये कोळशाच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड वायू साचतो. त्याला वास नाही, डोळे चुरचुरत नाहीत, आणि माणूस झोपेतच जातो. आजींना हे शांतपणे, पण ठाम सांगा. शेकायला गरम पाण्याची पिशवी, तीही फडक्यात गुंडाळून, बाळाच्या अंगाला न लावता.

काळ्या मसाल्याची फोडणी आणि हिरव्या मिरचीचा ठेचा यांचा ठसकाही लहान घरात आतल्या खोलीपर्यंत जातो. एक्झॉस्ट फॅन फोडणीआधी दोन मिनिटं लावा आणि आतलं दार ओढून घ्या. मिरच्या भाजणं, मसाला परतणं शेजारणीकडे किंवा गच्चीवर. दोन वेगळे स्वयंपाक करायचीही गरज नाही. वरण किंवा भाजी शिजली की बाळंतिणीचं आधी काढून घ्या, मग बाकीच्याला तिखट फोडणी. भरताचं वांगं भाजलं की तिच्या वाट्याला लसूण-कोथिंबिरीचं, मोठ्याला हिरव्या मिरचीचं. कळण्याची भाकरी दोघांना चालते.

भेटायला येणारी माणसं

पहिल्या सव्वा महिन्यात "पोऱ्या कसा शे?" करत येणाऱ्यांची रांग लागते, आणि त्यातला प्रत्येक जण हॉलमध्ये, म्हणजे मोठ्याच्या खोलीत बसतो. नाही म्हणता येत नाही, पण वेळ सांगता येते. मोठं क्लासला असतं ते दीड-दोन तास भेटीचे ठरवा आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर आजोबांच्या किंवा आत्याच्या नावाने कळवा. वडीलधाऱ्यांनी सांगितलं की कोणी मनाला लावून घेत नाही. सर्दी-खोकला असलेल्यांनी नंतर यावं हेही त्यातच लिहा. बारसं घरात करू नका, सोसायटीच्या हॉलमध्ये किंवा गच्चीवर मांडव घालून करा. बाळाला न्हाऊ घालणारी बाई अकराच्या सुमारास बोलवा. सकाळी सहा-सातला बाथरूम शाळेत जाणाऱ्याचं.

मोठ्याचं मन आणि मोठ्याची कामं

पंधरा वर्षांच्या अंतराने भावंडं झाली की शाळेत चिडवतात. हे पोर घरी सांगत नाही, फक्त दार आपटतं. बातमी नातेवाइकांकडून कळण्याआधी आई-वडिलांनी स्वतः सांगावी, आणि "आता तू मोठा झालास" हे वाक्य त्या दिवशी तरी टाळावं. त्याला लाज वाटली तर वाटू द्या. दूध पाजताना आईने आडोसा घ्यायचा की नाही, मोठ्याने दार वाजवून आत यायचं की नाही, हे पहिल्याच आठवड्यात मोकळेपणाने ठरलं की पुढे कोणाचीच नजर चोरटी होत नाही.

कामं दोनच द्या आणि ती बाळाला सांभाळण्याची नसावीत: नळाचं पाणी भरणं आणि किराणा, किंवा लंगोटांच्या घड्या आणि कूलर. आपल्याकडे मुलगी मोठी असली की बाळ तिच्या कडेवर आणि मुलगा असला की फक्त दुकानाची पिशवी त्याच्या हातात. नववी-दहावीतली कितीतरी मुलींची वर्षं अशीच धुतली जातात. मुलगा असो की मुलगी, कामाची यादी तीच ठेवा. बाळाला घेणं, खेळवणं हे हौसेने होईल तेवढं, आणि बसून, मानेखाली हात घालून.

आठवड्यातून एकदा तासभर आई किंवा वडील फक्त मोठ्यासोबत बाहेर असावेत. जळगावच्या मेहरूण तलावावर फेरी असो, नाहीतर शेवभाजी खायला. बाळ आजीजवळ.

सहा महिन्यांनंतर

बाळ बसायला, मग रांगायला लागलं की मोठ्याचा कोपरा हाच घरातला सर्वांत धोकादायक भाग होतो. कर्कटकाचं टोक, पेनाची टोपणं, खोडरबराचे तुकडे, चार्जरची लोंबणारी वायर आणि सगळ्यांत वाईट म्हणजे घड्याळातला किंवा कॅल्क्युलेटरमधला बटणाएवढा सेल. असा सेल गिळला तर तो अन्ननलिका काही तासांत भाजतो. उलटी काढायचा प्रयत्न न करता तडक मोठ्या दवाखान्यात न्यायचं. लिंबापेक्षा लहान असलेली प्रत्येक वस्तू पत्र्याच्या पेटीत, चार्जर वापरून झाला की काढून फळीवर. रोज रात्री झोपण्याआधी मोठ्याने गुडघ्यावर बसून, बाळाच्या उंचीवरून आपला कोपरा एकदा पाहून घ्यावा. खाटेखाली गेलेलं टोपण उभ्याने दिसत नाही.

याच सुमाराला घडीची फळी वर करून लावायला खिटी बसवून घ्या, नाहीतर बाळ तिला धरून उभं राहील आणि ती बोटांवर मिटेल. अडीच बाय चार फुटांची जागाही आता पुरणार नाही. आतल्या खोलीतली खाट काढून जमिनीवर गाद्या घाला. रांगायला जागा आतच मिळाली तर हॉलचा कोपरा बारावीपर्यंत टिकतो.